काचेवरचे गवई



वसंतातल्या व्याख्यानास येणारा श्रोता मोठ्या विषयाची अपेक्षा धरून येतो, आणि ते योग्यच आहे. ज्ञानेश्वरी, राज्यघटना, अवकाशयाने हे विषय या व्यासपीठाला शोभतात. आम्ही आज जो विषय मांडणार आहोत तो मात्र आपल्यापैकी काहींच्या घरी, माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत, धूळ खात पडला असण्याचा संभव आहे. तो विषय म्हणजे गवयांच्या, वादकांच्या आणि संगीत नटांच्या जुन्या निगेटिव्ह. छायाचित्रे नव्हेत, निगेटिव्ह! हा भेद आरंभीच सांगून ठेवतो; कारण आजच्या बोलण्याचे मर्म त्या भेदातच आहे.

समोर बसलेल्या तरुण मंडळींपैकी पुष्कळांनी निगेटिव्ह पाहिलीही नसेल. खिशातल्या फोनवर बोट टेकवले की चित्र तयार होते. पूर्वी तसे नव्हते. काचेवर किंवा फिल्मवर सरसाच्या पातळ थरात चांदीचे क्षार बसवलेले असत. त्यांवर प्रकाश पडला आणि पुढे औषधाची क्रिया झाली की जेथे उजेड तेथे काळे आणि जेथे अंधार तेथे पारदर्शक, अशी उलटी आकृती उमटे. गवयाचा पांढरा फेटा काळा दिसे आणि काळा कोट पांढरा. ही निगेटिव्ह. तिच्यावरून कागदावर जे सुलटे चित्र काढीत त्याला आपण 'फोटो' म्हणत असू. फोटो कितीही निघत, निगेटिव्ह एकच. ज्या काचेसमोर तो गवई खरोखर बसला होता, ज्या काचेवर त्याच्या अंगावरून परतलेला प्रकाश प्रत्यक्ष पडला होता, ती काच एकच.

गणितात 'निगेटिव्ह'ला आपण 'ऋण' म्हणतो, आणि व्यवहारात ऋण म्हणजे देणे. भाषेने हा योग आपोआप जुळवून दिला आहे.

गवयांच्याच निगेटिव्हांचा एवढा आग्रह कशासाठी, असे कोणी विचारील. पुढाऱ्याचे भाषण वर्तमानपत्रात राहते, कवीची कविता पुस्तकात राहते, शिल्पकाराची मूर्ती देवळात राहते. गवयाची कला मात्र हवेत निर्माण होते आणि हवेतच विरते. आपल्या देशात ग्रामोफोनचे ध्वनिमुद्रण सुरू झाले ते १९०२ साली, कलकत्त्यास. किर्लोस्कर मंडळीचे भाऊराव कोल्हटकर, ज्यांच्या आवाजावर सारा महाराष्ट्र लुब्ध होता, ते १९०१ मध्येच गेले. एका वर्षाने गाठ हुकली! भास्करबुवा बखले १९२२ पर्यंत आणि अल्लादियाखाँसाहेब १९४६ पर्यंत होते. पण त्यांचीही ध्वनिमुद्रिका आपल्याला उपलब्ध नाही. म्हणजे या थोरांचा आवाज आपण ऐकू शकत नाही. त्यांची बैठक कशी, तंबोरा कोणत्या खांद्याला, हात कसा उचललेला, हे मात्र छायाचित्र सांगते. आवाज हरपल्यावर जो एक साक्षीदार उरला तो हा.

आता आपल्या वऱ्हाडाकडे वळू. 'वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड' ही म्हण आपण अभिमानाने सांगतो. ते सोने म्हणजे कापूस. सुगी झाली, हातात पैसा खुळखुळू लागला, की नाटक मंडळ्या रेल्वेने इकडे येत. पेट्या, पडदे, आचारी, साजिंदे असा सारा संसार घेऊन त्यांचा मुक्काम पडे. आणि वऱ्हाड नुसते तिकिटे काढणारे नव्हते. १९०५ साली मुंबईस पहिले नाट्यसंमेलन भरले त्याचे अध्यक्ष अमरावतीचे दादासाहेब खापर्डे होते. 'मूकनायका'चे कर्ते श्रीपाद कृष्ण कोल्हटकर वऱ्हाडात वकिली करीत होते. अमरावतीच्या वीर वामनराव जोशांचे 'रणदुंदुभि' १९२७ मध्ये मास्टर दीनानाथांच्या बळवंत संगीत मंडळीने रंगभूमीवर आणले आणि त्यातील पदे घरोघर पोहोचली. वसंतराव देशपांड्यांचा जन्म १९२० सालचा, मूर्तिजापूरचा. आणि रंगमंचाबाहेर पाहिले तर यावलीचे तुकडोजी महाराज खंजिरी घेऊन गावोगाव हिंडले, १९५५ साली जपानपर्यंत गेले. गाडगेबाबांनी कीर्तनाने रात्री जागवल्या. संगीत म्हणजे केवळ मैफल असे मानले नाही, तर या दोघांइतके श्रोते कोणत्या गवयाला लाभले असतील?

अशा प्रांतात छायाचित्रकारांना काम नव्हते असे होणार नाही. कंपनी गावात आली की नट स्टुडिओत जात. मैफल ठरली की छायाचित्रकाराला बोलावणे जाई. त्या निगेटिव्ह कोठे तरी गेल्या, आणि काही अद्याप आहेत.

या निगेटिव्हांचे स्थूलमानाने तीन काळ पडतात. पहिला काचेचा. १८७१ साली मॅडॉक्स नावाच्या इंग्रज डॉक्टरने जिलेटिनच्या कोरड्या प्लेटची कल्पना मांडली आणि पुढच्या काही वर्षांत तयार प्लेटी विकत मिळू लागल्या. पण त्या प्लेटी मंद होत्या. उजेड पुरा पडावा म्हणून स्टुडिओच्या छपराला काच असे आणि बसणाऱ्याने श्वास रोखून बसावे लागे. म्हणून त्या काळचा गवई चित्रात कधी गात नाही. तोंड मिटलेले, नजर समोर, तंबोरा अंगाशी धरलेला. आजचा प्रेक्षक म्हणतो, 'केवढे गंभीर लोक!' लोक गंभीर नव्हते. प्लेट मंद होती.

दुसरा काळ रोल फिल्मचा आणि फ्लॅशच्या दिव्याचा. हे दिवे १९३०च्या सुमारास निघाले आणि हळूहळू आपल्याकडे पोहोचले. आता छायाचित्रकार बैठकीत शिरला. एका झगझगाटात गवयाची तान तोंडातच पकडली जाऊ लागली. तिसरा काळ पस्तीस मिलिमीटरच्या छोट्या कॅमेऱ्याचा. तो १९२५ साली जर्मनीत बाजारात आला, पण आपल्या तालुक्यांपर्यंत यायला त्याला बरीच वर्षे लागली. एका रिळात छत्तीस चित्रे. तेव्हा छायाचित्रकार मध्यंतरातला चहा, तबल्यावर पडणारी हातोडी, पुढच्या रांगेतले डोळे मिटलेले म्हातारे, हे सारे टिपू लागला.

आता मुख्य मुद्दा. निगेटिव्ह जे पाहते ते सारे फोटोत येत नाही. फोटो काढताना कडा कापतात. पार्श्वभूमी नको असेल तर निगेटिव्हवर काळा किंवा लाल रंग लावून ती झाकतात. तेवढा भाग कागदावर कोरा पांढरा येतो. चेहऱ्यावरच्या सुरकुत्या टोकदार पेन्सिलीने बुजवतात. हा त्या काळचा रिवाज होता आणि स्टुडिओचे कसबही. पण कापले जाई ते काय? मध्ये बसलेला नामवंत गवई कधीच कापला जात नसे. कापला जाई तो तबलजी, मागे तंबोरा धरून बसलेला शिष्य, पेटीवाला, सारंगिया. आणि मैफल अकोल्यात झाली असेल तर हा तबलजी, हा पेटीवाला, पुष्कळदा अकोल्याचाच असे.

आम्ही गेली काही वर्षे अमरावती आणि अकोला येथील बंद पडलेल्या स्टुडिओंचे उंबरे झिजवीत आहोत. अशाच एका घरी, लाकडी खाचांच्या पेटीत, आम्हाला एक हाफ प्लेट मिळाली. पावणेपाच बाय साडेसहा इंचांची काच. मध्ये एक विख्यात गायक. त्यांचे नाव आज सांगत नाही; कारण नाव ऐकताच आपले सर्वांचे लक्ष पुन्हा मधल्या माणसाकडे जाईल, आणि आम्हाला बोलायचे आहे ते कडेच्या माणसाबद्दल. गायकांच्या दोन्ही बाजूंस लाल रंगाचे जाड पट्टे होते. काच उलटी करून, काळ्या कापडावर तिरपी धरून पाहिली, तेव्हा डावीकडच्या रंगामागे एक माणूस दिसला. पुढ्यात तबला-डग्गा, डोक्यावर टोपी.

चौकशी करीत करीत आम्ही एका ऐंशी ओलांडलेल्या आजीबाईंपर्यंत पोहोचलो. त्यांचे वडील तबला वाजवीत. त्यांचा एकही फोटो घरात नव्हता. आम्ही काचेवरून काढलेली मोठी प्रत त्यांच्या हाती दिली. त्यांनी चेहऱ्याकडे फारसे पाहिले नाही. टोपीवर बोट ठेवले. म्हणाल्या, ''टोपी अशी तिरपी आमचे बाबाच घालत.'' मग बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. निघताना आम्ही काच परत करण्याविषयी विचारले, तेव्हा म्हणाल्या, ''काच तुमच्याजवळच राहू द्या, आमच्या घरी फुटून जाईन ते. हे कागदाचं मले पुरे.''

श्रोतेहो, त्या गायकांची छायाचित्रे पुण्या-मुंबईस शेकड्यांनी आहेत. आमची काच फुटली असती तर त्यांचे काहीही बिघडले नसते. बिघडले असते ते अकोल्याचे. नामवंतांच्या निगेटिव्ह आपण जमवाव्यात त्या नामवंतांसाठी नव्हेत. त्या काचेच्या कडेला आपले गाव बसलेले असते म्हणून. फोटोने आपले गाव कापून टाकले. निगेटिव्हने जपून ठेवले. हेच ते ऋण.

आणि हे ऋण आपण कसे फेडीत आहोत? रद्दीच्या भावाने! काचेवरचा थर गरम पाण्याने खरवडला की स्वच्छ काच मिळते. ती देवाच्या तसबिरीला बसते. फिल्ममध्ये चांदी असते. ती काढून घेणारे लोक आहेत, ते किलोवर फिल्म नेतात. छायाचित्रकार वारला, दुकानाची जागा मोबाइलच्या दुकानाला गेली, मुले नोकरीनिमित्त पुण्यास गेली, की एका दुपारी हातगाडी येते आणि पन्नास वर्षांचे गाव तिच्यावर चढते. यात कोणाचा दुष्टपणा नाही. त्या वस्तूचे मोल कोणी सांगितलेच नाही, एवढेच.

जे हातगाडीतून वाचते त्याला हवा खाते. ज्या सरसाने चांदीचे कण धरून ठेवले तो जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला असतो. बुरशीला तो पक्वान्नासारखा. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या वर जातो, थर वाळून पोपडे धरतो. लगेच मृगाचा पाऊस येतो आणि त्याच थराला ओल चढते. फिल्मची कथा आणखी निराळी. १९५०च्या सुमारापर्यंत नायट्रेट नावाची फिल्म वापरात होती. ती भडका घेते. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यास फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातील कोठारास आग लागली, तीत प्रभातच्या चित्रपटांच्या जुन्या नायट्रेट फिती भस्मसात झाल्या. नंतरची ॲसिटेटची 'सेफ्टी' फिल्म पेटत नाही, पण कुजते. पेटी उघडली की व्हिनेगरचा आंबट वास येतो. तो वास म्हणजे फिल्मचा निरोप समजावा.

याकरिता काय करावे, ते थोडक्यात सांगतो. कारण व्याख्यान ऐकून घरी गेल्यावर माळ्यावर चढणारा एखादा तरी श्रोता आपल्यात निघेल अशी आमची आशा आहे.

काच नेहमी कडेला धरावी. मधल्या भागास बोट लावू नये. पाण्याने धुऊ नये, ओल्या फडक्याने पुसू नये. धूळ असेल तर काचेच्या गुळगुळीत बाजूवरून मऊ ब्रशाने झटकावी. मंद दिसणारी बाजू थराची, तिला हात लावू नये. काचा एकावर एक रचू नयेत, लांब कडेवर उभ्या ठेवाव्यात. वर्तमानपत्रात किंवा प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळू नयेत. प्रत्येकीला आम्लरहित कागदाचे पाकीट करावे. पत्र्याच्या छताखालचा माळा ही सर्वांत वाईट जागा. घरातली आतली, कोरडी, थंड खोली बरी. फुटलेल्या काचेचे तुकडे फेकू नयेत, चिकटपट्टीनेही जोडू नयेत. सपाट डब्यात जसेच्या तसे मांडून ठेवावेत. चिकट, पिवळी पडलेली, भुकटी होऊ लागलेली जुनी फिल्म दिसली तर ती बाकीच्यांपासून वेगळी काढावी, आगीपासून दूर ठेवावी आणि जाणत्याचा सल्ला घ्यावा. आणि ज्याला काहीच साधन नाही त्याने निदान एवढे करावे: पांढऱ्या उजेडाच्या पडद्यावर काच ठेवून फोनने तिचे चित्र घ्यावे आणि ते उलटे करून पाहावे. पक्के काम नंतर होईल. पण तोवर काच फुटली तरी सारेच बुडणार नाही.

मात्र चित्र घेताना काच कोणत्या बाजूने ठेवली ते पाहावे. बाजू चुकली की डावे-उजवे बदलते. मग पदर उजव्या खांद्यावर येतो, कोटाची बटणे विरुद्ध दिशेला जातात आणि उजव्या हाताचा तबलजी डावरा होतो. अशी उलटी छापलेली चित्रे पुस्तकांतही शिरतात.

या सर्वांहून महत्त्वाचे काम लिहिण्याचे आहे. नाव, गाव, सुमाराचे साल, काच कोणाच्या घरून आली आणि ओळख कोणी पटवली, हे पाकिटावर आणि वहीत लिहावे. पाकिटावरचे लेखन काच आत घालण्यापूर्वी, शिसपेन्सिलीने करावे. जुन्या पाकिटावरचा मजकूर, स्टुडिओचा क्रमांक, काचेच्या कडेवर कोरलेला आकडा, यांतले काहीही टाकू नये. स्टुडिओची हिशेबवही मिळाली तर तो आकडाच नावापर्यंत नेऊन पोहोचवतो. ज्यांना ती माणसे आठवतात ते लोक आज ऐंशी-नव्वदीत आहेत. काच आणखी शंभर वर्षे टिकेल; ओळखणारे डोळे टिकणार नाहीत. निनावी निगेटिव्ह म्हणजे पत्ता पुसलेले पत्र.

आता मालकीचा प्रश्न. हल्ली गवयांच्या जुन्या निगेटिव्हांचे लिलाव होतात, तेव्हा हा प्रश्न टाळता येत नाही. काच विकत घेणारा काचेचा मालक होतो. चित्राच्या हक्काचा मालक होतोच असे नाही. आपल्या १९५७च्या कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली. तेव्हापासून छायाचित्राचा हक्क छायाचित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे राहतो. मोबदला देऊन कोणी चित्र काढवून घेतले असेल तर, वेगळा करार नसल्यास, पहिला हक्क त्या काढवून घेणाऱ्याचा. त्याहून जुन्या चित्रांचा विचार ज्या त्या काळच्या कायद्याने करावा लागतो. अमेरिकेत शिकागो शहरी २००७ साली व्हिव्हियन मायर नावाच्या दाईच्या हजारो निगेटिव्ह, भाडे थकल्यामुळे, लिलावात निघाल्या. १९०९ साली नव्हे, अगदी कालपरवा, २००९ मध्ये ती बाई वारली. पुढे तिची चित्रे जगभर गाजली आणि हक्क कोणाचा म्हणून कज्जे उभे राहिले. काच हाती आली म्हणजे सारे हाती आले, असे समजणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

त्याच देशातले दुसरे उदाहरण आम्हाला अधिक प्रिय आहे. विल्यम गॉटलिब हा जॅझ संगीतावर लिहिणारा पत्रकार. त्याने १९३८ ते १९४८ या काळात लुई आर्मस्ट्राँग, बिली हॉलिडे, ड्यूक एलिंग्टन अशा कलावंतांची छायाचित्रे घेतली. १९९५ साली वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने तो संग्रह विकत घेतला, आणि गॉटलिबच्याच इच्छेनुसार २०१० साली ती चित्रे सर्वांना मुक्त झाली. आज अकोल्यातला विद्यार्थी ती घरबसल्या पाहू शकतो. न्यूयॉर्कचा गवई अकोल्यात दिसतो. अकोल्याचा गवई अकोल्यात दिसू नये?

आपल्याकडेही मार्ग दाखवणारे लोक आहेत. जुन्या ध्वनिमुद्रिका जमवणाऱ्यांनी १९९० साली मुंबईत एक संस्था स्थापिली, 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स'. तबकड्या जमवणे हा ज्याच्या त्याच्या घरचा छंद होता. एकत्र येऊन याद्या करणे, ऐकवणे, लिहिणे यामुळे त्या छंदाचे विद्येत रूपांतर झाले. निगेटिव्हांच्या बाबतीत वऱ्हाडात हेच व्हावे अशी आमची सूचना आहे. काचा ज्याच्या त्याच्या घरी राहोत. कोणाच्या मालकीला धक्का नको. पण एक सामाईक यादी असावी आणि चित्रांची एक प्रत आपल्या वाचनालयांत, एक विद्यापीठात असावी. अमरावतीस १९८३पासून विद्यापीठ आहे, दोन्ही शहरांत ग्रंथालये आहेत. जागेची वाण नाही, मनाची असू नये. संग्राहकाने पेटीला कुलूप लावून बसणे आणि हातगाडीवाल्याने काच खरवडणे, यांत गावाच्या दृष्टीने फारसे अंतर नाही. दोन्हीकडे गाव अदृश्यच राहते.

आणखी एक विनंती. यादीची सुरुवात मोठ्या नावांनी करू नका. पाकिटावर गवयाचे नाव लिहाल तेव्हा दोन ओळी जास्त सोडा. तबल्यावर कोण, पेटीवर कोण, तंबोऱ्यावर कोण, मैफल कोणाच्या वाड्यात, हे त्या ओळींत लिहा. नाव सापडले नाही तर ओळ कोरी राहू द्या; कोरी ओळ पुढच्या माणसाला शोधायला लावते. ओळच नसेल तर येथे कोणी बसले होते हेसुद्धा कोणाच्या लक्षात येणार नाही.

मृग अजून लांब आहे. माळ्यावरची हवा आज कोरडी आहे, पुढच्या महिन्यात ती ओली होईल. तेवढ्या अवधीत आपापल्या घरची पेटी खाली उतरवावी, एवढेच आमचे मागणे.